गावाचे वणवा दल : पूर्वतयारी, प्रशिक्षण आणि माघारीची शिस्त

गोंदिया जिल्ह्यातील नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात ८ एप्रिल २०२१ रोजी लागलेला वणवा विझवताना तीन हंगामी वनमजुरांचा मृत्यू झाला व दोघे गंभीर भाजले. त्याच्या आदल्या वर्षी, फेब्रुवारी २०२० मध्ये, केरळमधील त्रिशूर जिल्ह्यात वणव्याशी झुंजताना तीन वनपहारेकरी दगावले. जून २०२४ मध्ये उत्तराखंडातील बिनसर अभयारण्यात आग विझवण्यास गेलेल्या चमूतील चौघे जागीच जळून मरण पावले. ही सर्व माणसे जंगलात काम करणारी होती आणि त्यांच्याकडे धैर्याची उणीव नव्हती. गावपातळीवर वणवा दल उभे करताना म्हणूनच धैर्याच्या जोडीला तीन गोष्टींचा विचार करावा लागतो : आग लागण्यापूर्वी करावयाचे काम, आगीवर जाण्याची ठरलेली पद्धत आणि वेळेवर मागे फिरण्याची शिस्त.

वणव्याचा हंगाम आणि कारणे

महाराष्ट्रात १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा काळ मानला जातो. पानगळीच्या जंगलात साग, ऐन, तेंदू यांची पाने जानेवारीपासून झडू लागतात आणि मार्चपर्यंत जमिनीवर कोरड्या पाचोळ्याचा थर साचतो. सह्याद्रीच्या उतारांवर हीच भूमिका वाळलेले गवत बजावते. आपल्याकडील बहुतेक वणवे या थरातून सरकत जाणारे भूपृष्ठीय वणवे असतात. ज्वाळा बहुधा कमी उंचीच्या असतात, त्यामुळे साध्या साधनांनी त्या विझवता येतात. परंतु वारा आणि चढ मिळाल्यास हीच आग काही मिनिटांत आवाक्याबाहेर जाते.

आग लागण्याची कारणे जवळजवळ नेहमीच मानवी असतात. मोहफुले वेचणे सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळणे, तेंदूला नवी पालवी लवकर फुटावी म्हणून आग लावणे, पावसाळ्यात गवत जोमाने येईल या समजुतीने माळ पेटवणे, मध काढताना मशाल टाकून देणे, राब भाजताना किंवा बांध जाळताना आग हाताबाहेर जाणे, ही त्यांतील प्रमुख होत. यांपैकी शेवटची दोन थेट शेतीतील कामे आहेत. वणवा हा केवळ वनविभागाचा विषय आहे, ही समजूत येथेच गळून पडते.

शेतीचे आणि कीटकांचे नुकसान

कोकणात दरवर्षी माळरानावरून आलेल्या वणव्यात काजू आणि आंब्याच्या बागा होरपळतात. दहा-बारा वर्षे जोपासलेली बाग एका दुपारी जाते आणि पुन्हा उत्पन्न सुरू होण्यास बरीच वर्षे लागतात. पूर्व विदर्भात टसर रेशीम आणि लाख या उपजीविका जंगलातील कीटकांवर उभ्या आहेत. टसरचे रानकोष उन्हाळाभर ऐन व अर्जुनाच्या फांद्यांवर लटकलेले असतात आणि आतील कोषावस्था पावसाची वाट पाहत सुप्त असते. खालून गेलेल्या आगीची धग त्यांना मारण्यास पुरेशी ठरते. लाखेचा कीटक तर फांदीला चिकटून स्थिर जगतो. त्याला पळून जाण्याची सोय नसते.

बांध जाळल्याने किडी मरतात, हा समज अनेक गावांत दृढ आहे. भूपृष्ठीय आगीची उष्णता जमिनीत काही सेंटिमीटरच उतरते. हुमणीसारख्या किडीच्या अवस्था उन्हाळ्यात त्याहून बऱ्याच खोल असतात, त्यामुळे त्या सहीसलामत राहतात. उलट पालापाचोळ्यात आणि जमिनीच्या वरच्या थरात राहणारे कोळी, भक्षक भुंगेरे आणि मुंग्या, तसेच पोकळ काड्यांत घरटी करणाऱ्या एकाकी मधमाश्या नष्ट होतात. म्हणजे आग शेतकऱ्याच्या मित्रांना मारते आणि शत्रूला बहुतांशी सोडून देते. ही बाब गावसभेत पटवून देणे हा वणवा प्रतिबंधाचाच एक भाग समजावा.

दल टिकते कोठे?

ज्या जंगलाचे उत्पन्न गावाला मिळते, त्या जंगलाची राखण गाव करते, हा अनुभव जुना आहे. पश्चिम बंगालमधील मेदिनीपूर जिल्ह्यात आराबाडी येथे १९७२ च्या सुमारास सालवनाच्या संरक्षणात परिसरातील गावांना सहभागी करून घेण्यात आले आणि उत्पन्नातील २५ टक्के वाटा देण्याचे ठरले. उजाड झालेले सालवन पुन्हा उभे राहिले. पुढे १९९० मध्ये केंद्र शासनाने संयुक्त वनव्यवस्थापनाचे धोरण स्वीकारले, त्यामागे या प्रयोगाची प्रेरणा होती.

महाराष्ट्रात वनहक्क कायदा, २००६ नंतर चित्र अधिक स्पष्ट झाले. या कायद्याने ग्रामसभेला सामूहिक वनसंपत्तीच्या संरक्षणाचा अधिकार दिला. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावला असा हक्क २०१२ मध्ये मिळाला. तेंदूपत्त्यासाठी झाडांची छाटणी होते आणि जंगलाला आगी लावल्या जातात, हे लक्षात घेऊन पाचगावच्या ग्रामसभेने तेंदूसंकलनच थांबवले आणि बांबूवर भर दिला. हातातले रोख उत्पन्न सोडण्याचा हा निर्णय वणवा रोखण्याच्या दृष्टीने कोणत्याही यंत्रापेक्षा मोलाचा ठरतो. दल स्थापन करताना पहिला प्रश्न म्हणूनच असा असावा की, हे जंगल वाचल्याने गावाला नेमके काय मिळणार आहे?

दलाची रचना

दहा ते बारा जणांची टोळी साधारणपणे पुरेशी होते. तीत एक टोळीप्रमुख, एक टेहळ्या, एक संपर्क सांभाळणारा, दोघे पाणी व प्रथमोपचार पाहणारे आणि उरलेले प्रत्यक्ष विझवणारे असावेत. टोळीप्रमुखाने स्वतः झाडू किंवा यंत्र हाती घेऊ नये. त्याची नजर संपूर्ण आगीवर आणि माणसांच्या मोजणीवर राहिली पाहिजे. दमा, हृदयविकार किंवा उच्च रक्तदाब असलेल्यांना आगीसमोर पाठवू नये. टेहळणी आणि संपर्काची कामे त्यांना देता येतात. रानवाटा, पाणवठे आणि आग्या मोहोळांच्या जागा यांची सर्वांत बारीक माहिती बहुधा वनोपज गोळा करणाऱ्या स्त्रियांना असते. गावाचा नकाशा तयार करताना त्यांचा सहभाग अत्यावश्यक आहे.

हंगामापूर्वीचे काम

दलाचे खरे काम डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात होते. जाळरेषा साफ करणे हे त्यांतील मुख्य काम होय. ठरलेल्या रुंदीच्या पट्ट्यातील गवत व झुडपे कापून, ती वाळल्यावर वाऱ्याचा जोर नसताना, पहाटे किंवा सायंकाळी, वनकर्मचाऱ्यांच्या उपस्थितीत जाळली जातात. पट्टा मोकळ्या मातीपर्यंत स्वच्छ झाला पाहिजे; पाचोळ्याची पातळ रेघ राहिली तरी आग ती ओलांडते. पानगळ चालू असेपर्यंत जाळरेषा पुनःपुन्हा झाडावी लागते. बागायतदारांनी बागेभोवती असाच पट्टा ठेवावा आणि झाडांच्या आळ्यांतील वाळलेले गवत काढून टाकावे.

याच काळात कारणांवर उपाय करता येतात. मोहाच्या झाडाखाली जाळी अंथरल्यास पाचोळा जाळण्याची गरज उरत नाही आणि फुलेही स्वच्छ मिळतात. तेंदूसाठी आगीऐवजी झुडपांची छाटणी करता येते. राब भाजणी शेजाऱ्यांना कळवून, पाणी आणि माणसे हाताशी ठेवून, दुपारचा वारा सुटण्यापूर्वी संपवावी.

साधने

ओल्या पानांच्या डहाळ्या, लांब दांड्याचे झाडू, दाताळे, कोयते, कुदळ आणि फावडे ही मूळ साधने होत. अलीकडे वनविभाग पाने उडवणारे ब्लोअर मोठ्या प्रमाणावर वापरतो. ब्लोअरने आगीपुढचा पाचोळा झपाट्याने बाजूला करून तात्पुरती जाळरेषा काढता येते. मात्र त्याच्या टाकीत पेट्रोल असते, त्यामुळे इंधन भरणे आगीपासून दूर आणि यंत्र थंड झाल्यावरच करावे. ब्लोअरच्या आवाजात हाक ऐकू येत नाही. म्हणून यंत्र चालवणाऱ्याजवळ शिटी असलेला एक सोबती कायम ठेवावा.

शेतकऱ्यांकडील पाठीवरचे फवारणी पंप या कामी उपयोगी पडतात. परंतु कीटकनाशक किंवा तणनाशकासाठी वापरलेला पंप तसाच आगीवर नेणे घातक आहे. अनेक द्रवरूप कीटकनाशकांत ज्वलनशील द्रावक असतात आणि तापलेल्या अवशेषांची वाफ विषारी ठरू शकते. दलासाठी स्वतंत्र, ठळक खूण केलेले पंप राखून ठेवणे हाच योग्य मार्ग आहे.

कपडे सुती, पूर्ण बाह्यांचे व अंगाला न चिकटणारे असावेत. कृत्रिम धाग्याचे कापड वितळून त्वचेला चिकटते. पायात रबरी चपलांऐवजी चामड्याचे बूट हवेत. तोंडावरील ओले फडके राख अडवते, पण कार्बन मोनॉक्साइड अडवत नाही. डोके दुखू लागणे, गरगरणे किंवा मळमळणे ही धुरातून बाहेर पडण्याची सूचना समजावी.

प्रशिक्षणाचा गाभा

आगीची चाल ओळखणे हा पहिला धडा. वाऱ्याच्या दिशेने पुढे धावणारे ते आगीचे तोंड, दोन्ही बाजूंना बगला आणि मागे शेपूट. काम नेहमी शेपटीकडून, म्हणजे जळून गेलेल्या भागाचा आधार धरून सुरू करावे आणि बगलांनी पुढे सरकत तोंड आवळत न्यावे. तोंडासमोर उभे राहणे टाळावे. ज्वाळा कमरेहून उंच असतील तर हातसाधनांनी जवळ जाऊ नये. मागे सरकून जाळरेषेवर आग रोखावी.

चढाचा धडा दुसरा. आग चढावर उताराच्या तुलनेत अतिशय वेगाने धावते. दर १० अंशांच्या चढामागे तिचा वेग सुमारे दुप्पट होतो, असा ठोकताळा आहे. डोंगरावर आगीच्या वरच्या बाजूस, विशेषतः घळीत किंवा नाळेत, कोणीही थांबू नये.

तिसरा धडा जगभरातील वणवा दलांनी मोठी किंमत मोजून शिकलेला आहे. टेहळणी, संपर्क, सुटकेची वाट आणि सुरक्षित जागा या चार गोष्टी निश्चित झाल्याखेरीज आगीला हात लावू नये. सुटकेच्या वाटा किमान दोन असाव्यात आणि प्रत्येकाने त्या आगीवर जाण्यापूर्वी पाहिलेल्या असाव्यात. सर्वांत जवळची सुरक्षित जागा पुष्कळदा पूर्ण जळून थंड झालेली काळी जमीन हीच असते.

अमेरिकेतील मॉन्टाना राज्यात ५ ऑगस्ट १९४९ रोजी मान गल्च येथे १३ अग्निशामक मृत्युमुखी पडले. चढावर आग पाठलाग करीत असताना त्यांच्या प्रमुखाने समोरचे गवत स्वतः पेटवले, त्या जळालेल्या जागेत तो आडवा झाला आणि वाचला. त्याने सहकाऱ्यांनाही तेथे बोलावले होते. परंतु ही युक्ती त्यांनी पूर्वी पाहिली नव्हती, त्यामुळे कोणीही त्याच्यामागे गेले नाही. संकटाच्या क्षणी दिलेली सूचना तेव्हाच पाळली जाते, जेव्हा तिचा सराव आधी झालेला असतो. म्हणून माघारीचा सराव प्रत्येक हंगामापूर्वी प्रत्यक्ष रानात करावा : लांब शिटी झाली की साधने टाकून ठरलेल्या जागी पोहोचणे आणि तेथे माणसे मोजणे. माघार घेणाऱ्याला गावात कोणी भित्रा म्हणणार नाही, हेही ग्रामसभेत आधीच ठरलेले असावे.

पूर्व विदर्भात आणखी एक धोका ध्यानात ठेवावा लागतो. धूर आणि उष्णतेने बिथरलेल्या आग्या मधमाश्या समूहाने हल्ला करतात. मोहोळ असलेले कडे आणि उंच वृक्ष नकाशावर दाखवून सुटकेच्या वाटा त्यांच्यापासून दूर ठेवाव्यात.

सूचना मिळणे आणि आग विझल्यानंतर

डेहराडून येथील भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहांच्या आधारे वणव्याच्या सूचना मोबाइलवर पाठवते; नोंदणी कोणालाही करता येते. मात्र उपग्रह ठरावीक वेळीच डोक्यावरून जातो, म्हणून टेकडीवरील माणसाच्या नजरेला पर्याय नाही. वनविभागाची १९२६ ही मदतवाहिनी आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ हे क्रमांक प्रत्येकाला पाठ असावेत. टोळी निघण्यापूर्वी वनरक्षकास कळवणे अनिवार्य समजावे.

ज्वाळा दिसेनाशा झाल्या म्हणजे वणवा विझला असे नाही. पडलेले ओंडके, वाळक्या खोडांच्या ढोल्या आणि शेणाच्या गोवऱ्या तासन्‌तास धुमसत राहतात आणि दुपारच्या वाऱ्याने पुन्हा भडकतात. कडेचे सर्व ओंडके उलटून, माती वा पाणी टाकून, तळहाताची मागील बाजू जवळ नेऊन उष्णता तपासावी आणि दुसऱ्या दिवसापर्यंत पाळीपाळीने राखण ठेवावी. भाजलेल्या जागेवर तूप, टूथपेस्ट किंवा बर्फ न लावता सुमारे २० मिनिटे साधे थंड पाणी सोडावे आणि रुग्णास दवाखान्यात हलवावे.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

डिसेंबरच्या ग्रामसभेत दलाची निवड व नकाशा, जानेवारीत जाळरेषा आणि साधनांची तपासणी, फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात माघारीसह प्रत्यक्ष सराव, हंगामात दररोज दुपारी टेहळणी आणि जूनमध्ये झालेल्या प्रत्येक आगीच्या कारणाची उघड चर्चा, असा वार्षिक क्रम ठेवल्यास दल कागदावर राहत नाही. हंगामाच्या अखेरीस दलाचे मूल्यमापन करताना किती हेक्टर वाचले याआधी एक प्रश्न विचारला जावा : गेलेली सर्व माणसे प्रत्येक वेळी सुखरूप परत आली का?