पायथनमधील स्ट्रिंग : देवनागरी मजकुरासह काम करताना

या पाठात आपण पायथन ३ मध्ये स्ट्रिंग तयार करणे, तिची लांबी मोजणे, तिचे तुकडे करणे आणि दोन स्ट्रिंगची तुलना करणे शिकणार आहोत. व्हेरिएबल आणि प्रिंट ही आज्ञा तुम्हाला माहीत आहे असे धरले आहे. वाचताना पायथनचा इंटरप्रीटर उघडा ठेवा आणि प्रत्येक ओळ स्वतः टंकून पाहा. लेन, स्प्लिट, रिप्लेस ही नावे येथे वाचनाच्या सोयीसाठी देवनागरीत दिली आहेत. संगणकावर ती रोमन लिपीत लिहावी लागतात. कोडमधले अंकही 0 ते 9 असेच हवेत. व्हेरिएबलचे नाव मात्र पायथन ३ मध्ये देवनागरीत चालते.

उदाहरणे आपण रायपूरची घेऊ. या शहरात मराठी कुटुंबे नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून आहेत, आणि १९५६ पर्यंत रायपूरचा कारभार नागपूर राजधानी असलेल्या प्रांतातूनच चालत असे. त्यामुळे तेथे एकच नाव हिंदी कागदावर एका तऱ्हेने आणि मराठी घरात दुसऱ्या तऱ्हेने लिहिलेले आढळते. स्ट्रिंग शिकण्यासाठी यापेक्षा चांगली सामग्री मिळणार नाही.

दोन अवतरणचिन्हांमध्ये लिहिलेला कोणताही मजकूर म्हणजे स्ट्रिंग. टंका :

शहर = "रायपूर"
लेन(शहर)

उत्तर ६ येते. तुम्ही बोटांवर मोजलीत तर अक्षरे चारच भरतात : रा, य, पू, र. पायथन चुकलेला नाही. तो अक्षरे मोजतच नाही, तो युनिकोडचे संकेतांक मोजतो. युनिकोडमध्ये प्रत्येक व्यंजनाला एक संकेतांक असतो आणि प्रत्येक मात्रेला वेगळा. म्हणून "रायपूर" म्हणजे र, काना, य, प, दीर्घ उकार, र अशी सहा चिन्हे. जोडाक्षरात पाय मोडण्याचे चिन्हही वेगळे मोजले जाते. "छत्तीसगढ" ही स्ट्रिंग दिसायला पाच अक्षरांची, पण तिची लांबी ८ येते.

इंग्रजीत एक अक्षर म्हणजे एक चिन्ह असा हिशेब जवळपास नेहमी जुळतो, म्हणून इंग्रजी उदाहरणांवर शिकलेल्या विद्यार्थ्याच्या हा फरक लक्षात येत नाही.

आता तुकडे करू. मोजणी शून्यापासून सुरू होते. शहर[0] चे उत्तर "र" येईल, "रा" नाही. शहर[:3] लिहिल्यास "राय" आणि शहर[3:] लिहिल्यास "पूर" मिळेल. पण शहर[4:] लिहून पाहा. दीर्घ उकार आपल्या "प"पासून तुटतो आणि पडद्यावर तो ठिपक्यांच्या वर्तुळाला लटकलेला दिसतो. शहर[::-1] ने स्ट्रिंग उलटी करा : उत्तर "रूपयार" येते. आपण हाताने उलटे लिहिले असते तर "रपूयरा" लिहिले असते. मोबाइलवरच्या एका एसएमएसमध्ये देवनागरीची ७० चिन्हे मावतात. लांब मजकूर बरोबर सत्तराव्या चिन्हावर तोडणारा प्रोग्राम कधी ना कधी एखाद्याच्या नावाचा काना पुढच्या संदेशात ढकलणारच.

स्ट्रिंग एकदा तयार झाली की तिच्यातले चिन्ह जागेवर बदलता येत नाही. शहर[0] = "न" असे लिहिल्यास टाइप एरर येते. शहर.रिप्लेस("राय", "नाग") लिहिल्यास "नागपूर" मिळते, पण ती नवी स्ट्रिंग असते. जुनी "रायपूर" तशीच राहते. निकाल हवा असेल तर तो व्हेरिएबलमध्ये साठवावा लागतो. नवशिक्यांचा बराच वेळ याच एका गोष्टीत जातो.

आद्याक्षरांचे उदाहरण थोडे सावकाश पाहू. १९०० साली पेंड्रा येथून "छत्तीसगड मित्र" हे हिंदी मासिक सुरू करणारे आणि टिळकांचे गीतारहस्य हिंदीत नेणारे माधवराव सप्रे मराठी घरातले होते. त्यांचे नाव घेऊ :

नाव = "माधवराव सप्रे"
नाव.स्प्लिट()

स्प्लिट मोकळ्या जागेवर स्ट्रिंग तोडते आणि दोन स्ट्रिंगची यादी देते. यादीतल्या पहिल्या शब्दाचे [0] घेतले की आद्याक्षर मिळाले, असे इंग्रजी पुस्तके सांगतात. येथे मात्र "म" मिळेल. मराठीत आद्याक्षर मात्रेसकट लिहितात. आपण पु. ल. देशपांडे लिहितो, प. ल. नाही, वि. वा. शिरवाडकर लिहितो, व. व. नाही. [0] वापरणारा प्रोग्राम या दोघांनाही अनोळखी करून टाकील.

उपाय कठीण नाही. पायथनबरोबर युनिकोडडेटा नावाचे मोड्यूल येते. त्यातले कॅटेगरी हे फंक्शन प्रत्येक चिन्हाचा वर्ग सांगते. मात्रा, अनुस्वार आणि पाय मोडण्याचे चिन्ह या सर्वांच्या वर्गाचे नाव "एम" या रोमन अक्षराने सुरू होते. शब्दाचे पहिले चिन्ह घ्या. पुढचे चिन्ह "एम" वर्गातले असेल तर ते जोडा. आधीचे चिन्ह पाय मोडण्याचे असेल तर पुढचे व्यंजनही जोडा. दोन्ही अटी लागू होत नाहीत तेथे थांबा. या रीतीने "पुरुषोत्तम"चे "पु" आणि "प्रल्हाद"चे "प्र" बरोबर निघते.

याच वर्गांमुळे आणखी एक सापळा तयार होतो. स्ट्रिंगमध्ये फक्त अक्षरे आहेत का हे तपासण्यासाठी इझअल्फा ही मेथड असते. "कमल".इझअल्फा() चे उत्तर ट्रू येते, "रायपूर".इझअल्फा() चे उत्तर फॉल्स. मात्रा या अक्षरांच्या वर्गात धरल्या जात नाहीत. एखाद्या महाविद्यालयाच्या प्रवेशअर्जात नाव तपासायला ही मेथड लावली, तर कमल आणि नमन यांना प्रवेश मिळेल आणि बाकी सगळ्यांना "नाव अवैध आहे" असा संदेश जाईल.

आता तुलना. "रायपुर" == "रायपूर" चे उत्तर फॉल्स आहे. हिंदीत उकार ऱ्हस्व, मराठीत दीर्घ. लांबी दोन्हींची ६, पण पाचवे चिन्ह वेगळे. हा फरक निदान डोळ्यांना दिसतो. न दिसणारे फरक अधिक त्रास देतात. हिंदी "छत्तीसगढ़"मधले नुक्त्याचे शेवटचे अक्षर दोन प्रकारे साठवता येते : एकाच संकेतांकात, किंवा "ढ" आणि नुक्ता असे दोन. पहिल्या प्रकारात लांबी ८, दुसऱ्यात ९. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखी. समजा, एका यादीत राज्याचे नाव पहिल्या प्रकारे आले आणि दुसऱ्या यादीत दुसऱ्या प्रकारे, तर दोन याद्या जुळवताना एकही विद्यार्थी सापडणार नाही. यासाठी युनिकोडडेटामधले नॉर्मलाइज हे फंक्शन "एनएफसी" हा पर्याय देऊन दोन्ही स्ट्रिंगवर चालवा आणि मगच तुलना करा. दोन्हींची लांबी ९ होईल.

मराठीची स्वतःची अडचण मात्र नॉर्मलाइजने सुटत नाही. "गोऱ्हे" हे आडनाव काही कळफलक ऱ हे खास अक्षर वापरून लिहितात (लांबी ६), तर काही साधा र, पाय मोडण्याचे चिन्ह आणि त्यापुढे न दिसणारे जोडचिन्ह वापरून "गोर्‍हे" असे लिहितात (लांबी ७). युनिकोडच्या नियमांनुसार ही दोन रूपे समान मानली जात नाहीत. त्यामुळे येथे रिप्लेस वापरून एक रूप दुसऱ्यात आपणच बदलून घ्यावे लागते. मागेपुढे चुकून राहिलेली मोकळी जागा काढायला स्ट्रिप आहे. "रायपूर " आणि "रायपूर" यांची तुलना त्याशिवाय जुळत नाही.

अंकांबद्दल थोडक्यात. रायपूरचा एसटीडी कोड ०७७१ आहे. तो इंट या फंक्शनने संख्येत बदलला की सुरुवातीचा शून्य जातो आणि ७७१ उरतात. ज्याची बेरीज-वजाबाकी करायची नाही, असा पिनकोड, दूरध्वनी किंवा हजेरी क्रमांक स्ट्रिंग म्हणूनच ठेवा. गंमत म्हणजे देवनागरीत लिहिलेली "०७७१" ही स्ट्रिंगही इंटला समजते.

सॉर्टेड हे फंक्शन यादी संकेतांकांच्या क्रमाने लावते. शालेय वर्णमालेत क्ष शेवटी येतो, पण सॉर्टेड "क्षमा"ला "कौमुदी"नंतर आणि "खेमराज"च्या आधी बसवते. हजेरीपट लावताना हे ध्यानात असू द्या.

स्वाध्याय : "राजनांदगाव" आणि "बिलासपूर" यांची चिन्हे आधी कागदावर सुटी करून मोजा, मग लेनने पडताळा, पहिल्याचे उत्तर १० यायला हवे. वर सांगितलेल्या रीतीने आद्याक्षर काढणारे फंक्शन लिहा आणि ते "कृष्णाजी", "त्र्यंबक" व "श्रीपाद" या नावांवर चालवून पाहा. "त्र्यंबक"ला अनुस्वार ठेवायचा की नाही हे तुमचे तुम्ही ठरवा आणि फंक्शन त्याप्रमाणे बदला.