सांध्यांची गोष्ट (५) : मुख्य चावी
माझ्या मावशीला सकाळी दुधाची पिशवी कापायची, तर नऊ वाजेपर्यंत थांबावं लागायचं. त्याआधी बोटं वळायचीच नाहीत. घरातले म्हणायचे, वयाचा वात आहे, तेल लाव. पण हा झिजेचा वात नव्हता. मागच्या भागात पाहिलं तसा आमवात, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस. शरीराच्या राखणदारानेच, म्हणजे प्रतिकारशक्तीनेच, घरच्यांवर काठी उगारावी तसा आजार. ती काठी कुणी आणि कशी धरली, ते आज.

लंडनच्या हॅमरस्मिथ भागात केनेडी इन्स्टिट्यूट होती. १९८०च्या दशकात तिथे दोघांची जोडी जमली. रविंदर मैनी लुधियानात जन्मलेले, युगांडात वाढलेले, संधिवाताचे डॉक्टर. मार्क फेल्डमन पोलंडमधल्या ल्वूव्ह शहरात (आता ते युक्रेनमध्ये आहे) जन्मलेले आणि ऑस्ट्रेलियात वैद्यक शिकलेले. एकाकडे रुग्ण, दुसऱ्याकडे प्रयोगशाळा.

पेशी एकमेकींना निरोप धाडतात तो सायटोकाइन नावाच्या रेणूंमार्फत. सुजलेल्या सांध्यात असे निरोपे ढिगाने सापडत होते : आयएल-१, आयएल-६, टीएनएफ आणि आणखी कितीतरी. त्यामुळे जाणकारांचं मत पडलं, की यातला एक अडवून काही साधणार नाही, दुसरा त्याचं काम करेल. मत चुकीचं वाटण्यासारखं नव्हतंच. गल्लीतले दहा नळ वाहत असताना एकाची तोटी बंद करून काय होणार?

फेल्डमन यांच्या गटाने रुग्णांच्या सांध्यांतलं सुजलेलं अस्तर मिळवलं, त्यातल्या पेशी सुट्या करून बशीत वाढवल्या. बाहेरून काहीही न डिवचता त्या पेशी दिवसेंदिवस निरोप धाडत राहिल्या. जणू सांध्यातलं भांडणच बशीत येऊन बसलं होतं. मग फिओनुला ब्रेनन आणि सहकाऱ्यांनी त्यात टीएनएफला पकडून ठेवणारी अँटिबॉडी टाकली. टीएनएफ अडला, आणि त्याच्यामागोमाग आयएल-१सुद्धा ओसरला. १९८९ साली हे ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. टीएनएफ हा दहा नळांतला एक नळ नव्हताच. गावाला पाणी सोडणाऱ्या चावीवाल्याच्या हातातली ती मुख्य चावी होती.

माझ्या मते या कथेतला खरा शोध हा बशीतला प्रयोग. पुढचं औषध ही त्याची वसुली. उंदरांवरही उपाय लागू पडला. पण माणसांना द्यायला अँटिबॉडी हवी, आणि ती अमेरिकेतल्या सेंटोकोर कंपनीकडे होती. कंपनीने ती सेप्सिसवर (जंतुसंसर्गातून ओढवणाऱ्या जीवघेण्या अवस्थेवर) वापरून पाहिली होती, तिथे डाळ शिजली नव्हती. कंपनीतले जेम्स वुडी हे फेल्डमन यांचे जुने विद्यार्थी. (ओळखपाळख विज्ञानातही उपयोगी पडते.)

१९९२ साली चॅरिंग क्रॉस हॉस्पिटलमध्ये २० रुग्णांना ती अँटिबॉडी शिरेतून दिली. सगळे जुन्या औषधांना दाद न देणारे. थकवा आणि आखडलेपणा इतक्या लवकर उतरला, की शंका यावी. सलाइन लावलं की निम्मं बरं वाटतं, हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको. म्हणून पुढच्या चाचणीत ७३ रुग्ण घेतले. कुणाला खरं औषध आणि कुणाला खोटं, हे रुग्णाला कळत नव्हतं आणि डॉक्टरलाही. चार आठवड्यांनी हिशेब झाला. खोट्या औषधावर २४ पैकी २ जण सुधारले होते, मोठ्या मात्रेवर २४ पैकी १९.

पण औषधाचा असर सरला की आजार परत यायचा. ही चावी आहे, पाण्याचा उगम आटवणारी जादू नव्हे. तरीही याच औषधातून, म्हणजे इन्फ्लिक्सिमॅबमधून, उपचारांची एक नवी शाखा उभी राहिली आणि २००३ साली फेल्डमन-मैनींना लास्कर पुरस्कार मिळाला.

आता आपल्या घरची गोष्ट. टीबीच्या जंतूंभोवती पेशींची गाठ बांधून त्यांना डांबून ठेवण्यात टीएनएफचा मोठा हात असतो. तो अडवला, की वर्षानुवर्षं झोपलेला टीबी जागा होऊ शकतो. म्हणून ही इंजेक्शनं सुरू करण्याआधी डॉक्टर छातीचा एक्स-रे आणि टीबीची तपासणी सांगतात. ती टाळू नका, आणि घरात कुणाला कधी टीबी झाला असेल तर लाजेखातर लपवू नका.