आवारात एक वाफा रानफुलांचा

भाद्रपदात गौरीच्या आगमनाला महाराष्ट्राच्या अनेक भागांत तेरड्याची रोपे सन्मानाने घरात आणली जातात. आघाडा, दूर्वा यांना पत्रीत स्थान असते. टाकळा आणि कुर्डू यांची कोवळी पाने पावसाळ्यात भाजीच्या रूपाने ताटात येतात. लोकजीवनाशी इतक्या निकट असलेल्या या वनस्पती शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या आवारात उगवल्या म्हणजे मात्र त्यांची गणना तणात होते आणि स्वातंत्र्यदिनापूर्वीच्या साफसफाईत त्या समूळ उपटल्या जातात. नेमका त्याच सुमारास तेरडा फुलू लागलेला असतो आणि टाकळ्याच्या पानांवर फुलपाखरांच्या अळ्या वाढत असतात. आवार नीटनेटके दिसते, पण त्या आवारातील मधमाश्या, फुलपाखरे आणि पक्षी यांचे अन्न हिरावले जाते.

यावरील उपाय खर्चाचा नाही. संपूर्ण आवार मोकळे सोडण्याचीही आवश्यकता नाही. एका कोपऱ्यात दहा फूट लांब आणि दहा फूट रुंद, म्हणजे गुंठ्याच्या दहाव्या हिश्श्याहूनही लहान असा रानफुलांचा वाफा राखला, तरी प्रारंभास तो पुरेसा होतो.

फुलांइतकेच महत्त्व पानांना

फुलपाखरांसाठी बाग म्हटली की रंगीत फुलांची रोपे आणण्याकडे कल असतो. परंतु फूल हे केवळ प्रौढ फुलपाखराचे मधुपात्र होय. त्याच्या अळीला पाने लागतात आणि तीही ठराविक वनस्पतींचीच. रुईच्या पानांवर ‘प्लेन टायगर’ या केशरी फुलपाखराची अळी वाढते. रुईतील विषारी द्रव्ये तिच्या शरीरात साठत असल्याने पक्षी त्या फुलपाखराच्या वाटेस सहसा जात नाहीत. टाकळ्यावर ‘ग्रास यलो’ हे लहान पिवळे फुलपाखरू, कोरांटीवर ‘लेमन पॅन्सी’, एरंडावर ‘कॅस्टर’, तर कढीपत्ता व लिंबू यांवर ‘कॉमन मॉरमॉन’ अंडी घालते. राज्य फुलपाखरू म्हणून २०१५ मध्ये घोषित झालेल्या ‘ब्लू मॉरमॉन’ची अळीदेखील लिंबूवर्गीय झाडांचीच पाने खाते.

तात्पर्य, पानांवर भोके पडली म्हणजे वाफा बिघडला असे नव्हे. तो कामी येऊ लागला असे समजावे. अळ्यांवर कीटकनाशक फवारल्यास फुलपाखरांबरोबर पक्षीही दूर जातात. दाणे खाणारी चिमणीसुद्धा आपल्या पिलांना प्रामुख्याने कीटक व अळ्याच भरवते.

शेतीशी संबंध

हा केवळ शोभेचा विषय नाही. भोपळा, काकडी, कारले, दोडका या वेलांवर नर व मादी फुले वेगवेगळी असतात. नर फुलातील चिकट पराग वाऱ्याने वाहून जात नाहीत. ते मधमाश्यांसारख्या कीटकांनीच मादी फुलापर्यंत पोहोचवावे लागतात. हे कीटक नसतील तर फूल येते, पण फळ धरत नाही. सातेरी, फुलोरी, आग्या या मधमाश्या आपल्या परिचयाच्या आहेत. त्यांच्याखेरीज एकेकट्या राहणाऱ्या, जमिनीत बीळ करून अंडी घालणाऱ्या माश्याही अनेक प्रकारच्या आहेत. पीक फुलावर नसते त्या काळात या सर्वांना बांधावरची आणि पडीक जागेतील रानफुलेच जगवतात. महाबळेश्वर तालुक्यातील मांघर हे गाव २०२२ मध्ये ‘मधाचे गाव’ म्हणून घोषित झाले. अशा गावाचे वैभव पेट्यांइतकेच भोवतालच्या फुलोऱ्यावर अवलंबून असते.

वाफा कसा करावा

दिवसातून किमान सहा तास ऊन मिळेल अशी जागा निवडावी. मे महिन्यात ती वरवर उकरून गाजरगवत व घाणेरी मुळासकट काढावी. शेणखत किंवा रासायनिक खत घालू नये. सुपीक जमिनीत गवत माजते आणि रानफुले मागे पडतात. जूनमध्ये पहिला चांगला पाऊस झाल्यावर बी वाळूत मिसळून फोकावे आणि हाताने हलके दाबावे. बारीक बी खोल पुरू नये.

कोकण व घाटमाथ्यावर तेरडा उत्तम येतो. कमी पावसाच्या भागात तरवड, कुर्डू, कोरांटी आणि खुळखुळा यांची निवड करावी. खुळखुळ्यातील विशिष्ट द्रव्ये मिळवण्यासाठी ‘टायगर’ गटातील नर फुलपाखरे त्यावर झुंडीने बसतात. वाफ्याच्या कडेला तुळस, कढीपत्ता आणि एखादे लिंबाचे झाड असावे. उन्हाळ्यात रानफुले संपल्यावर तुळशीच्या मंजिऱ्या मधमाश्यांच्या उपयोगी पडतात.

बी आपल्याच परिसरातून, झाडावर पुरेसे शिल्लक ठेवून गोळा करावे. तेरड्याची पक्व बोंडे स्पर्शाने फुटून बी उडते, म्हणून ती किंचित आधी काढावीत. २०१२ मध्ये पश्चिम घाटासह जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेल्या कास पठारासारख्या संरक्षित ठिकाणाहून बी वा रोप आणू नये. बाजारात ‘रानफुले’ म्हणून मिळणाऱ्या मिश्र बियाण्यांपासूनही सावध असावे. मूळचा मेक्सिकोचा पिवळा कॉसमॉस बागेतून निसटून पुणे परिसरातील टेकड्यांवर पसरला आणि तेथील स्थानिक वनस्पतींची जागा घेऊ लागला आहे.

वाफ्याशेजारी हातभर जमीन उघडी ठेवावी. तेथे माश्या बिळे करतात आणि ओलसर मातीतील क्षार शोषण्यास फुलपाखरे येतात. पक्ष्यांसाठी एक उथळ परळ पाण्याने भरून ठेवावा.

शंका आणि समाधान

ग्रामसभेत या उपक्रमाला दोन आक्षेप हमखास येतात: साप आणि डास. दोन्ही दुर्लक्षिण्याजोगे नाहीत. वाफा वर्गाच्या दारापासून व मुलांच्या वाटेपासून दूर असावा, त्याच्याभोवती तीन फूट पट्टा स्वच्छ ठेवावा आणि दगडविटांचे ढीग जवळ साठू देऊ नयेत. डासाच्या अंड्यापासून डास होण्यास साधारण आठ-दहा दिवस लागतात. परळातील पाणी आठवड्यातून दोनदा बदलल्यास हा धोका उरत नाही. रुईचा चीक डोळ्यांस घातक असल्याने ती प्राथमिक शाळेच्या आवारात लावू नये.

तिसरा आक्षेप ‘अस्वच्छ दिसते’ हा होय. त्यासाठी विटांची आखीव कड आणि ‘रानफुलांचा वाफा: कृपया कापू नये’ असा फलक पुरेसा आहे. सफाई करणाऱ्या कर्मचाऱ्यांना व गवत कापणाऱ्यांना पूर्वकल्पना देणे मात्र अगत्याचे आहे. अनेक उपक्रम केवळ या एका सूचनेच्या अभावी एका सकाळीत संपतात. कापणी जानेवारीनंतर, बी जमिनीवर पडल्यावरच करावी. तीही अर्ध्या वाफ्याची, म्हणजे उरलेल्या अर्ध्यात कोष व अंडी सुरक्षित राहतील. मुनियांना गवताचे बीही मिळेल.

नोंद ठेवावी

जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये जैवविविधता व्यवस्थापन समित्या स्थापन करण्याची आणि लोकजैवविविधता नोंदवही तयार करण्याची तरतूद आहे. कोणते फूल कोणत्या आठवड्यात उमलले, त्यावर कोण आले, कोणत्या पानावर अळी दिसली, याची विद्यार्थ्यांनी ठेवलेली वही या नोंदवहीस उपयुक्त साहित्य पुरवू शकेल. रोपाचे स्थानिक नाव व उपयोग सांगण्यास गावातील ज्येष्ठ स्त्रियांना अवश्य बोलवावे. पत्री आणि रानभाज्यांची ओळख त्यांच्याइतकी क्वचितच कोणाला असते.

पहिल्या वर्षी वाफ्यात फार काही दिसणार नाही. दुसऱ्या पावसाळ्यात पडलेले बी आपोआप रुजेल आणि पाहुण्यांची संख्या वाढेल. येत्या स्वातंत्र्यदिनापूर्वी आवाराची सफाई करताना शंभर चौरस फुटांचा तेवढा एक कोपरा वगळण्याचा निर्णय शाळा व्यवस्थापन समित्यांनी व ग्रामपंचायतींनी घ्यावा. ध्वजवंदनास जमलेल्या मुलांना त्या कोपऱ्यात तेरड्याची पहिली फुले पाहावयास मिळतील.