चिमट्याकडे लक्ष द्या

व्हाइटफील्डमधल्या एखाद्या सोसायटीच्या तळघरात कॅराव्हॅन उभी राहिली, की तिचे दिवे, पंखा आणि फ्रिज चालवणारी बॅटरी पोर्टेबल चार्जरने भरायची वेळ येते, आणि पहिली हरकत निघते ती भिंतीतल्या सॉकेटवर. सॉकेट धड हवे, अर्थिंग हवे, हे खरेच. पण खरी उष्णता दुसऱ्या टोकाला असते. 12 व्होल्टच्या बॅटरीला 30 अँपियर देणारा चार्जर 14.4 व्होल्टला सुमारे 430 वॉट पुरवतो. त्याचे स्वतःचे नुकसान धरले तरी 230 व्होल्टच्या भिंतीतून तो तीनएक अँपियरच ओढतो. बॅटरीकडच्या वायरमधून मात्र पूर्ण 30 अँपियर वाहतात, आणि उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. बॅटरीच्या टर्मिनलला लावायचा चार्जरचा चिमटा गंजला आणि त्या सांध्याचा रोध अवघा 0.05 ओहम झाला, तर तिथे 45 वॉट उष्णता तयार होते. साधे सोल्डरिंग आयर्न 25 वॉटचे असते!

बॅटरी लेड-ॲसिडची असेल तर याच चिमट्याला आणखी एक अर्थ येतो. 1859 मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ प्लांते यांनी बनवलेल्या या बॅटरीत, ती भरत आली की पाण्याचे विघटन होऊन हायड्रोजन सुटतो. सीटखालच्या बंद कप्प्यात तो 4 टक्क्यांवर गेला की चिमटा लावताना-काढताना उडालेली एक ठिणगी पुरते. म्हणून चिमटे आधी लावायचे आणि बटण मागून. काढताना बटण आधी. कप्प्याचे झाकण उघडे ठेवायचे, हे वेगळे सांगायला नको.

लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी भरताना असा वायू सोडत नाही आणि आत बीएमएस (बॅटरी मॅनेजमेंट सिस्टिम) असते, मग एवढा जाच कशाला, असे कोणी म्हणेल. हे रसायन खरोखर शांत आहे. पण शांत रसायनाने चिमट्याचा रोध घटत नाही, 30 अँपियर तिथेही तेवढेच तापवतात. शिवाय चार सेलच्या या बॅटरीला 14.6 व्होल्टच्या वर न्यायचे नसते, तर लेड-ॲसिडसाठीच्या काही चार्जरची ‘डीसल्फेशन’ अवस्था 15 व्होल्टच्याही पुढे जाते. बीएमएस तेव्हा पुरवठा तोडते खरी, पण ती अडीनडीची व्यवस्था आहे. रोज चुकीचा चार्जर अडवत बसणे हे तिचे काम नव्हे. तेव्हा लिथियमची वेगळी सोय असलेला चार्जर घ्यावा, वायर जाड आणि आखूड असावी, बॅटरीजवळ फ्यूज असावा, आणि चार्जिंग सुरू झाल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी चिमट्याच्या प्लास्टिकवर हात ठेवून पाहावा. गरम लागला, तर बटण बंद करून टर्मिनल घासायला घ्यावे.