पुन्हा न मिळणारी बंदूक : गोंदिया जिल्ह्यातील भरमार आणि तिची परिभाषा

१४ डिसेंबर २०१९ रोजी शस्त्र अधिनियमातील दुरुस्ती अमलात आली आणि एका परवानाधारकाने बाळगावयाच्या बंदुकांची कमाल संख्या तीनवरून दोनवर आली. मूळ विधेयकात ती एकच सुचविलेली होती. चर्चेअंती दोन ठरली. ज्यांच्यापाशी तीन बंदुका होत्या त्यांनी कोणत्याही दोन ठेवून तिसरी एका वर्षाच्या आत पोलीस ठाण्यात अथवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी, अशी तरतूद झाली. कायद्याच्या दृष्टीने हा प्रश्न संख्येचा होता. ज्या घरांत पिढीजात बंदुका होत्या तेथे मात्र तो निवडीचा झाला. तिघींपैकी कोणती द्यावी आणि कोणती ठेवावी, हे ठरविण्यासाठी आधी एका साध्या प्रश्नाचे उत्तर हवे होते : यांतली कोणती गेली तर तिच्या जागी तशीच दुसरी आणता येणार नाही?

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार गोंदिया जिल्ह्याच्या संदर्भात केला आहे. हा जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळा झाला. वैनगंगा व वाघ या नद्यांच्या खोऱ्यांतील धानाची शेती, तिला लागून नागझिरा व नवेगावचे अरण्य, आणि या दोहोंवर उभी राहिलेली मालगुजारी व जमीनदारी, असे या प्रदेशाचे पूर्वीचे चित्र होते. अशा प्रदेशात बंदूक हे केवळ प्रतिष्ठेचे साधन नव्हते. रानडुकरांपासून धान राखण्याचेही ते साधन होते. १९५१ मध्ये मालगुजारी संपुष्टात आली, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने शिकारीचा काळ मागे पडला. परंतु परवान्यावरील बंदुका वारशाने पुढच्या पिढीकडे येत राहिल्या.

१. तीन बंदुका, तीन प्रकारचे मोल

विवेचनाच्या सोयीसाठी अशा एखाद्या घरातील तीन बंदुका कल्पाव्या : एक दुनळी बारा बोअरची, एक विलायती शिकारी रायफल आणि एक नळीच्या तोंडाने भरावयाची जुनी बंदूक.

यांपैकी बारा बोअर ही सर्वांत परिचित. 'बारा' हा तिच्या नळीचा व्यास नव्हे. एक रतल शिशाच्या समान वजनाच्या बारा गोळ्या केल्या असता त्यांतील एक गोळी ज्या नळीत नेमकी बसेल ती नळी बारा बोअरची; हा व्यास सुमारे १८.५ मिलिमीटर भरतो. याच हिशेबाने सोळा बोअरची नळी बारा बोअरीहून अरुंद असते, हे ध्यानात न घेतल्यामुळे पुष्कळांचा घोटाळा होतो. बारा बोअरची काडतुसे महाराष्ट्रातच, खडकीच्या दारूगोळा कारखान्यात, तयार होत आली आहेत. बंदूकही देशी बनावटीची मिळते. तेव्हा ही बंदूक गेली तर, परवाना असल्यास, तिचे काम करणारी दुसरी आणता येते. येथे एक अपवाद आहे. शंभर वर्षांपूर्वीच्या पुष्कळ विलायती दुनळींचे कोठार अडीच इंची काडतुसासाठी केलेले असते. आजच्या लांब काडतुसास व धूरविरहित दारूच्या दाबास त्या योग्य असतातच असे नाही. नळीच्या बुडाशी लंडन अथवा बर्मिंगहॅम येथील परीक्षागृहाचे जे ठसे असतात, ते पाहिल्यावाचून अशा बंदुकीत काडतूस घालू नये.

विलायती रायफलीची गोष्ट निराळी. ऐंशीच्या दशकापासून खाजगी व्यक्तींना परदेशी बंदुका आयात करणे जवळजवळ अशक्य झाले. देशात जेवढ्या आहेत तेवढ्याच त्या. शिवाय बंदूक असून तिची काडतुसे नाहीत, अशीही अवस्था पुष्कळ वेळा होते. विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्रज सरकारने लष्करी मापाची काडतुसे खाजगी हातांत जाऊ नयेत म्हणून निर्बंध घातले. त्यामुळे विलायतेतील कारागिरांनी हिंदुस्थानासाठी अनेक निराळी मापे काढली. साठच्या दशकात त्यांतील मोठ्या मापांच्या काडतुसांचे मुख्य उत्पादन थंडावले आणि कित्येक रायफली बाजारातील काडतुसांवाचून मुक्या झाल्या. याउलट .३१५ ही देशी कारखान्यातील रायफल आणि तिची काडतुसे मिळत राहिली.

अशी रायफल गमावली तर तशीच दुसरी मिळणे फार कठीण, यात संशय नाही. परंतु तिच्या बाबतीत एक गोष्ट जमेची आहे : तिच्यावर कर्त्याचे नाव असते, क्रमांक असतो, परीक्षेचे ठसे असतात, आणि पुष्कळ विलायती पेढ्यांच्या जुन्या वह्या अद्याप शाबूत आहेत. जिम कॉर्बेट यांना १९०७ मध्ये चंपावतच्या वाघिणीच्या शिकारीबद्दल मिळालेली रिग्बी रायफल २०१५ मध्ये मूळ कर्त्या पेढीकडे परत गेली. ती निःसंशय ओळखता आली, कारण तिच्या दस्त्यावर नाव कोरलेली रुप्याची पट्टी होती. विलायती बंदुकीची दुसरी प्रत कदाचित मिळणार नाही. तिची कुंडली मात्र मिळते.

तिसऱ्या बंदुकीची कुंडलीही मिळत नाही. तिला गोंदिया, गडचिरोली या भागांत 'भरमार' म्हणतात.

२. भरमार म्हणजे काय

भरमारीला काडतूस नसते. नळीच्या तोंडातून मोजकी दारू ओतावयाची, तीवर चिंधीचा बोळा घालून तो गजाने ठासावयाचा, मग छर्रे किंवा गोळी टाकून पुन्हा बोळा ठासावयाचा. नंतर बुडाशी असलेल्या बारीक नळीवर तांब्याची टोपी बसवावयाची. घोडा त्या टोपीवर आदळला की ठिणगी आत जाऊन दारू पेटते. टोपीची ही युक्ती एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकात युरोपात सिद्ध झाली. तत्पूर्वी चकमकीच्या गारेने, आणि त्याही आधी सोऱ्याच्या पाण्यात भिजवून वाळविलेल्या जळत्या दोरीने, म्हणजे तोड्याने, बंदूक डागीत. तोड्याची बंदूक हिंदुस्थानात इतर देशांच्या मानाने फार काळ टिकली. याचे कारण मागासलेपण नव्हे. चकमकीच्या यंत्रातील कमान मोडली तर कुशल कारागीर हवा. तोड्याच्या बंदुकीचा सांधा मात्र कोणताही गावलोहार नीट करू शके. जुन्या नळ्यांवर पुढे टोपीचे यंत्र बसविले गेल्याचीही उदाहरणे आढळतात.

येथेच भरमारीच्या अनन्यतेचे कारण सापडते. तिचा प्रत्येक भाग त्या एका बंदुकीसाठी हाताने घडविलेला असतो. मळसूत्राचे आटे कोणत्याही ठरीव मापाचे नसतात. एकीची कमान दुसरीला चालत नाही. दस्ता धन्याच्या खांद्याच्या बेताने तासलेला असतो. कर्त्याने नाव घातलेले नसते, कारण ज्यांना ते ठाऊक असावयाचे त्यांना ते ठाऊकच होते. कारखान्यातील वस्तू ही एका जातीची व्यक्ती असते. भरमार ही एकटीच आपली जात असते.

३. नावांची साक्ष

वस्तूचा इतिहास कागदावर नसेल तर तो पुष्कळदा तिच्या नावांत असतो. 'बंदूक' हा अरबी शब्द; त्याचा मूळ अर्थ एक प्रकारचे कवचीचे फळ. त्यावरून त्या आकाराची गोळी आणि गोळीवरून ती फेकणारे हत्यार, असा अर्थाचा प्रवास झाला. 'तोफ' तुर्कीतून, 'काडतूस' व 'पिस्तूल' पोर्तुगीजांकडून, 'दारू' फारसीतून आली. फारसीत तिचा अर्थ औषध असा आहे. 'जंबुरा' या लहान तोफेच्या नावामागे फारसीतील गांधीलमाशी आहे. येणाऱ्या प्रत्येक हत्याराने आपला शब्द बरोबर आणला.

परंतु वापराची क्रिया मराठी माणसाने आपल्याच धातूंनी सांगितली. पश्चिम महाराष्ट्रात व कोकणात याच बंदुकीला 'ठासणीची बंदूक' म्हणतात. हे नाव 'ठासणे' या एका क्रियेवरून पडले. 'ठासून सांगणे' या वाक्प्रयोगातील धातू तोच. झाडीबोलीच्या उच्चारात 'ण' चा 'न' होऊन 'ठासनी' असे रूप होते. पूर्व विदर्भात रूढ असलेला 'भरमार' हा शब्द मात्र हिंदीच्या सान्निध्यातला असून त्याची घडण निराळी आहे. 'भर' आणि 'मार' हे दोन धातू त्यात जोडलेले आहेत. 'धरपकड', 'उठबस' या समासांत ज्याप्रमाणे दोन क्रिया जोडून एक नाम होते, तद्वत येथे भरणे आणि मारणे यांचा क्रम हेच वस्तूचे नाव झाले. एक बार, मग पुन्हा आरंभापासून भरणे, ही त्या हत्याराची मर्यादाही नावातच सांगितलेली आहे. 'रेलचेल' या अर्थाचा 'भरमार' शब्द मराठी वाचकास ठाऊक असतो. त्यामुळे परप्रांतीय वाचकाचा प्रथम गोंधळ होतो.

भागांच्या नावांचे असेच आहे. तोडा, रंजक म्हणजे पेट घेण्यासाठी बाहेर ठेवावयाची बारीक दारू, काना म्हणजे ती आत पोचविणारे छिद्र, गज, घोडा, चाप : हे शब्द एकेकाळी रोजच्या वापरातले होते. आज त्यांतील काही केवळ वाक्प्रयोगांत उरले आहेत. 'फुसका बार' म्हणणाऱ्यास ओली दारू आठवत नाही. 'चकमक' या शब्दाचा प्रवास तर विशेष लक्षणीय आहे. ठिणगी पाडणाऱ्या गारेचे व पोलादाचे हे तुर्की नाव. त्यावरून लहानशी लढाई असा अर्थ आला. आणि देवरी, सालेकसा या भागांतील बातम्यांत पोलीस व नक्षलवादी यांच्यातील गोळीबारासाठी तोच शब्द रूढ झाला. गारेची बंदूक गेली, तिचा शब्द मात्र नव्या बंदुकांच्या कामी आला.

'भरमार' या शब्दाचेही त्याच काळात स्थलांतर झाले. नक्षल चळवळीतील दलांकडे अशा बंदुका सापडू लागल्या, आणि हा शब्द शेताच्या मचाणावरून जप्तीच्या पंचनाम्यात गेला. आज वृत्तपत्रवाचकास 'भरमार' म्हटले की बेकायदा हत्यार आठवते. वस्तुतः १९५९ च्या शस्त्र अधिनियमाने पीकसंरक्षणासाठी तोंडाने भरावयाच्या बंदुकीचा स्पष्ट उल्लेख करून तिच्या परवान्याची सोय केली होती. एकाच वस्तूची ही दोन चरित्रे आहेत. त्यांतील एकच भाषेत टिकले तर दुसरे खोटे ठरू लागते. परवान्यावर बाळगलेली भरमार घरात ठेवण्याचा काही कुटुंबांना संकोच वाटला तर त्यामागे शब्दाच्या या अर्थांतराचाही भाग असणार.

४. निवड आणि नोंद

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. तिसरी बंदूक देण्याची वेळ आली असता स्वाभाविक कल भरमार देण्याकडे असतो. ती जुनी, वापरात नसलेली, आणि विक्रीच्या दृष्टीने कवडीमोल. परंतु पुनःप्राप्तीच्या कसोटीवर क्रम नेमका उलटा लागतो. बारा बोअर पुन्हा मिळते; विलायती रायफल बहुधा मिळत नाही, पण तिची ओळख टिकते; भरमार मिळतही नाही आणि तिची ओळखही टिकत नाही.

कायदाही या बाबतीत तिला अनुकूल नाही. कर्त्याचे नाव, क्रमांक वा मान्य केलेली अन्य खूण नसलेली बंदूक विकण्यास अथवा हस्तांतरित करण्यास १९५९ च्या अधिनियमाची मनाई आहे. जमा केलेली वस्तू विहित मुदतीत परत घेतली नाही किंवा तिची विल्हेवाट लावली नाही तर ती सरकारजमा होते. दुरुस्ती करूनही उपयोगात येणार नाही अशा कालबाह्य हत्यारास अधिनियम लागू होत नाही हे खरे; पण जी भरमार अजून उडते ती या सवलतीत बसत नाही. शंभर वर्षांपूर्वीची बंदूक १९७२ च्या पुरावस्तू अधिनियमान्वये पुरावस्तू ठरू शकते, आणि म्हणून खाजगी रीतीने देशाबाहेर नेता येत नाही. मात्र तिला परवान्यातून त्यामुळे सूट मिळत नाही.

यावर उपाय भावनेचा नसून नोंदीचा आहे. परवान्याच्या पुस्तकात अशा बंदुकीचे वर्णन बहुधा दोन-तीन शब्दांत आटोपलेले असते. ती हातची जाण्यापूर्वी नळीची लांबी, तोंडाचा व्यास, घोड्याचा व दस्त्याचा आकार, दुरुस्तीच्या खुणा यांची मापे व छायाचित्रे घ्यावी. त्याहून महत्त्वाचे म्हणजे घरातील वृद्ध माणसे तिच्या प्रत्येक भागास काय म्हणतात, दारू मोजण्याच्या मापास काय म्हणत, कोणत्या गावच्या लोहाराकडे ती नेत, हे त्यांच्याच उच्चारात टिपावे. 'ठासनी' असे म्हटले तर ती 'ठासणी' करू नये. नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय १८६३ पासून उभे आहे आणि त्यात शस्त्रांचे दालन आहे. परंतु वस्तू दालनात पोचली आणि तिचे शब्द घरीच संपले, तर पाटीवर 'जुनी बंदूक' एवढेच लिहावे लागते.

संग्रहातील वस्तूची किंमत तिच्या पोलादात किती आणि तिच्याविषयी सांगता येणाऱ्या गोष्टींत किती, हा वाद जुना आहे. भरमारीपुरता तो सुटण्यासारखा आहे. तिचे पोलाद सामान्य आहे. तिची दुसरी प्रत नाही, आणि तिला वाचता येणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत.