व्हिसा एका खिडकीवर, लायसन्स दुसऱ्या

परदेशात नोकरी लागली की घरात चर्चा होते ती व्हिसाची. तो पासपोर्टवर चिकटला की गंगेत घोडं न्हालं, असं सगळ्यांना वाटतं. प्रत्यक्षात तो कागद एकाच प्रश्नाचं उत्तर देतो: या माणसाने आमच्या सीमेवर येऊन प्रवेश मागायचा की नाही. आत आल्यावर किती दिवस राहायचं हे दुसरं खातं ठरवतं आणि गाडी चालवायची की नाही हे तिसरं. खाती वेगळी, कायदे वेगळे आणि तारखाही वेगळ्या. व्हिसा आणि लायसन्स यांबद्दल परदेशस्थ भारतीयांमध्ये जे गैरसमज वर्षानुवर्षं फिरत असतात, त्यांतले बहुतेक एका खात्याचा कागद दुसऱ्याच्या खिडकीवर चालून जाईल या भरवशातून आलेले आहेत. अमेरिका आणि जर्मनी या दोन देशांत ही गोष्ट विशेष स्पष्ट दिसते, कारण मुक्काम आणि लायसन्स यांचं नातं दोघांनी अगदी उलट पद्धतीने ठरवलं आहे.

आधी अमेरिका. मुलांकडे जाणाऱ्या आई-वडिलांच्या पासपोर्टवर बहुधा दहा वर्षांचा पर्यटक व्हिसा असतो आणि ‘दहा वर्षांचा व्हिसा आहे, कितीही राहू’ असं सहज म्हटलं जातं. दहा वर्षं ही दार ठोठावण्याची मुदत आहे. प्रत्येक वेळी आत घेताना विमानतळावरचा अधिकारी मुक्कामाची वेगळी तारीख देतो, पर्यटकाला सहसा सहा महिन्यांची, आणि ती आय-९४ नावाच्या नोंदीत असते. ही नोंद आता छापील चिठ्ठी म्हणून हातात पडत नाही, संकेतस्थळावर जाऊन पाहावी लागते. त्यामुळे ती पाहायचीच राहून जाते. उलट बाजूचा गैरसमजही तितकाच सार्वत्रिक आहे: पासपोर्टवरचा व्हिसा संपला म्हणजे माणूस बेकायदा झाला. तसं नसतं. एच-१बीवर काम करणाऱ्याचा व्हिसा संपलेला असू शकतो आणि त्याचा मुक्काम पूर्ण कायदेशीर असू शकतो, कारण कंपनीने मुदतवाढ घेतलेली असते आणि मंजुरीच्या कागदाच्या तळाशी नवी आय-९४ जोडलेली असते. व्हिसाची गरज त्याला पुन्हा पडते ती देशाबाहेर जाऊन परत येताना.

खरा फटका बसतो तो आणखी बारीक ठिकाणी. समजा, कंपनीच्या अर्जाला २०२८पर्यंत मंजुरी आहे, पण पासपोर्ट २०२७मध्येच संपतो. अशा वेळी सीमेवरचा अधिकारी बहुधा आय-९४ची तारीख पासपोर्टच्या शेवटच्या तारखेपाशी तोडतो. माणूस मंजुरीचा कागद फायलीत लावून २०२८पर्यंत निर्धास्त असतो. नवा पासपोर्ट तो वेळेवर करून घेतो आणि काम झालं असं समजतो. पण नव्या पासपोर्टने जुनी आय-९४ लांबत नाही. मुदत उलटून १८० दिवसांपेक्षा जास्त बेकायदा मुक्काम झाला आणि मग देश सोडला, तर तीन वर्षं प्रवेशबंदी लागू शकते. एक वर्ष किंवा त्याहून अधिक झाला, तर दहा वर्षं. पासपोर्टसारख्या साध्या कागदाच्या तारखेवर एवढी मोठी गोष्ट अवलंबून असावी, हे अन्यायाचं वाटेल. पण आय-९४ पाच मिनिटांत तपासता येते, हेही खरं आहे.

आता याला लायसन्स कसं जोडलेलं आहे ते पाहा. २००५च्या रिअल आयडी कायद्याने अट घातली की तात्पुरत्या मुक्कामावर असलेल्या परदेशी नागरिकाला रिअल आयडी दर्जाचं लायसन्स द्यायचं, तर ते त्याच्या अधिकृत मुक्कामापुरतंच द्यायचं आणि ते मर्यादित मुदतीचं आहे हे कार्डावरच दिसलं पाहिजे. म्हणून त्याच राज्यात, त्याच परीक्षेत पास झालेल्या शेजाऱ्याचं लायसन्स अनेक वर्षांचं असतं आणि एच-१बीवाल्याचं आय-९४च्या तारखेला संपतं. इथे एक विचित्र फट पडते. मुदतवाढीचा अर्ज वेळेत गेला असेल तर निकाल येईपर्यंत त्याच कंपनीत २४० दिवसांपर्यंत काम करायला केंद्राचा नियम परवानगी देतो. म्हणजे माणूस रोज कायदेशीरपणे कामावर जाऊ शकतो, पण स्वतःच्या गाडीने नाही, कारण लायसन्स संपलेलं. अर्ज मिळाल्याच्या पावतीवर काही राज्यं थोडी मुदत वाढवून देतात, काही मंजुरी दाखवल्याशिवाय हलत नाहीत. त्यातच लायसन्स देणारं खातं, ज्याला अनेक राज्यांत डीएमव्ही म्हणतात, अर्जदाराचा दर्जा ‘सेव्ह’ या केंद्रीय प्रणालीतून पडताळून घेतं. तिथे नोंद लगेच जुळली नाही तर पुढची पडताळणी होते आणि ताटकळावं लागतं. खिडकीवरच्या कारकुनाशी हुज्जत घालून उपयोग नसतो, उत्तर त्याच्या हातात नसतंच.

ही गाठ एकाच बाजूने मारलेली आहे, हे मात्र फार कमी लोकांच्या लक्षात येतं. मुक्काम संपला की लायसन्स संपतं. पण हातात लायसन्स आहे म्हणून मुक्काम कायदेशीर ठरत नाही. एकोणीस राज्यं आणि राजधानी वॉशिंग्टन डीसी तर मुक्कामाचा दर्जा न पाहताही लायसन्स देतात. कॅलिफोर्नियात हे २०१५पासून चालू आहे. तेव्हा ‘डीएमव्हीने लायसन्स दिलं म्हणजे माझे कागद ठीक आहेत’ हे अनुमान चुकीचं आहे. ७ मे २०२५पासून देशांतर्गत विमानप्रवासाला रिअल आयडी तपासायला सुरुवात झाल्यावर अनेकांची धावपळ उडाली. तिची गरज नव्हती. त्या तपासणीला भारतीय पासपोर्टही चालतो.

यानंतर येतं सगळ्यांत लाडकं पुस्तक: आंतरराष्ट्रीय ड्रायव्हिंग परमिट. आरटीओतून हजार रुपये भरून ते घेतलं की जगभर वर्षभर गाडी चालवता येते, अशी समजूत आहे. हे पुस्तक हातात घेऊन नीट पाहिलं तर ते काय आहे हे लगेच कळतं. १९४९च्या जिनिव्हा करारातला नमुना असा: करडं कव्हर, आत पांढरी पानं, तोच मजकूर वेगवेगळ्या भाषांत छापलेला, फोटो, आणि कोणत्या प्रकारच्या वाहनांना परवानगी आहे त्यापुढे शिक्के. म्हणजे आपल्या लायसन्सचा हा अधिकृत भाषांतरित उतारा आहे. मूळ लायसन्स सोबत नसेल किंवा त्याची मुदत संपली असेल तर या पुस्तकाला किंमत नाही. एक वर्षाची मुदत पुस्तकाची असते, परदेशातल्या रस्त्यावरच्या परवानगीची नसते. कॅलिफोर्नियाचं उदाहरण पुरेसं बोलकं आहे. तिथे पाहुण्याला स्वतःच्या देशाच्या वैध लायसन्सवर गाडी चालवता येते आणि परमिटला लायसन्स म्हणून मान्यताच नाही. मात्र तिथे वास्तव्य सुरू केलं की दहा दिवसांत राज्याचं लायसन्स काढण्यासाठी अर्ज करावा लागतो. न्यूयॉर्क यासाठी तीस दिवस देतं, टेक्सस नव्वद. परमिटवर छापलेलं वर्ष यांतल्या कुठल्याच हिशोबात बसत नाही. ‘तीन वर्षांचं, दहा वर्षांचं आंतरराष्ट्रीय लायसन्स घरपोच’ अशी जाहिरात करणारी संकेतस्थळं तर सरळ फसवणूक आहेत. भारतीय लायसन्सवरचं परमिट भारतातच, आरटीओकडून मिळतं. परदेशात असताना ते संपलं तर भारतीय दूतावासामार्फत नव्यासाठी अर्ज करण्याची सोय जानेवारी २०२१च्या नियमाने झाली आहे.

जर्मनीत गाठ वेगळी आहे. तिथे भारतीय लायसन्स वास्तव्य सुरू झाल्यापासून सहा महिने चालतं. घोळ होतो तो ‘वास्तव्य सुरू’ म्हणजे कधीपासून यावर. निवासाचं कार्ड हातात यायला काही आठवडे, कधी काही महिने लागतात आणि सहा महिने त्या दिवसापासून मोजायचे असं मानलं जातं. मोजणी होते ती माणूस तिथे राहू लागल्यापासून. मुक्काम वर्षभराहून जास्त नसल्याचं दाखवता आलं तर मुदत वाढवून मिळू शकते, एरवी नाही. त्यानंतर गाडी चालवली तर तो विनापरवाना वाहन चालवण्याचा गुन्हा आहे, आणि त्याची कमाल शिक्षा एक वर्षाची कैद आहे. अपघात झाला तर विमा कंपनी समोरच्याचं नुकसान भरते आणि नंतर ५,००० युरोपर्यंतची रक्कम चालकाकडून वसूल करू शकते. ‘भारतीय लायसन्स बदलून मिळतं’ हेही अर्धंच खरं आहे. सक्तीचे ड्रायव्हिंग क्लास माफ असतात, पण डोळ्यांची तपासणी, प्रथमोपचाराचा कोर्स, लेखी आणि प्रत्यक्ष परीक्षा चुकत नाहीत. लेखी परीक्षा इंग्रजीत देता येते, एवढा दिलासा. पण एकदा ते लायसन्स मिळालं की निवासाच्या कार्डाची मुदत संपली म्हणून ते संपत नाही. कार्ड पंधरा वर्षांनी नव्याने काढायचं, इतकंच. अमेरिकेत लायसन्स सोपं मिळतं आणि पुन्हा पुन्हा संपतं. जर्मनीत ते कष्टाने मिळतं आणि टिकतं. परदेशी कामगाराच्या दृष्टीने मला जर्मन पद्धत अधिक प्रामाणिक वाटते, कारण ती चालकाचं कौशल्य तपासते आणि त्याच्या नोकरीच्या कागदांना त्यात ओढत नाही.

यावर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो वजनदार आहे: दहा वर्षं मुंबई-पुण्याच्या गर्दीत गाडी चालवलेला माणूस १८०व्या दिवशी सुरक्षित आणि १८१व्या दिवशी असुरक्षित कसा? हा भारतीयांवरचा आकस नाही का? पहिल्या भागाला माझं उत्तर आहे की नाहीच होत. सहा महिने किंवा बारा महिने ही सुरक्षिततेची मोजपट्टी नाही. पाहुणा आणि रहिवासी यांच्यात कुठेतरी रेघ मारायची म्हणून मारलेली ती रेघ आहे. पाहुण्याला आंतरराष्ट्रीय करार सांभाळतो, रहिवाशाला तिथला कायदा लागू होतो. दुसरा भाग मात्र टिकत नाही. ब्रिटनमध्ये बारा महिन्यांनंतर भारतीयाला परीक्षा द्यावी लागते, तशीच अमेरिकन माणसालाही द्यावी लागते. कुणाच्या लायसन्सला परीक्षा माफ आहे याच्या जर्मनीच्या यादीत अमेरिकेची काही राज्यं पूर्ण माफीची आहेत, काही अर्ध्या माफीची आणि काही त्या यादीतच नाहीत. म्हणजे एकाच पासपोर्टच्या दोन माणसांना वेगळी वागणूक मिळते, कारण पाहिलं जातं ते लायसन्स कुणी दिलं हे. गोव्यातून पोर्तुगीज नागरिकत्व घेऊन युरोपात गेलेल्या अनेकांना हा चकवा लागतो. नागरिकत्व बदललं तरी पणजीच्या किंवा मडगावच्या आरटीओचं लायसन्स भारतीयच राहतं. आपल्याकडे परीक्षा न देता एजंटकडून लायसन्स काढण्याची जी ख्याती आहे, तिचा भारत या यादीत नसण्याशी किती संबंध आहे हे ज्याने त्याने ठरवावं. ती ख्याती नाकारता येणार नाही. दुबईने २०२३मध्ये यावर एक मधला मार्ग काढला: आपल्या माफीच्या यादीबाहेरच्या देशांचं लायसन्स असलेल्या रहिवाशाला क्लास न करता लेखी आणि रस्त्यावरची परीक्षा देण्याची एक संधी. पास झालात तर लायसन्स, नापास झालात तर क्लास. परीक्षा टाळायची सोय तिथेही नाही.

दुसरा आक्षेप व्यवहारी आहे: सगळेच चालवतात, पोलीस विचारत नाहीत आणि भाड्याची गाडी तर परमिट पाहूनच मिळते. भाड्याची गाडी देणारी कंपनी तुमच्याकडे ग्राहक म्हणून पाहते. तुम्ही त्या देशात पाहुणे आहात की आठ महिन्यांपासून राहता, हे ती तपासत नाही आणि ते तिचं काम नाही. हा प्रश्न पहिल्यांदा गंभीरपणे विचारला जातो तो अपघातानंतर, आणि विचारणारा असतो विमा कंपनीचा माणूस किंवा वकील. जिथे पुढची मुदतवाढ किंवा नागरिकत्व मागताना गुन्ह्यांची नोंद पाहिली जाते, तिथे विनापरवाना वाहन चालवल्याची शिक्षा त्या अर्जातही समोर येऊ शकते. लायसन्स मुक्कामाचा पुरावा नसलं तरी लायसन्सवाचून केलेला गुन्हा मुक्कामाला भोवू शकतो.

आणि या सगळ्या धावपळीत जे लायसन्स सगळे विसरतात ते घरचं. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९च्या दुरुस्तीनंतर भारतीय लायसन्सचं नूतनीकरण मुदत संपण्याआधी एक वर्षापासून संपल्यानंतर एक वर्षापर्यंत करता येतं. त्यापुढे गेलं की पुन्हा परीक्षा द्यावी लागते. तिशीआधी काढलेलं लायसन्स चाळिशीपर्यंतच चालतं, आणि परदेशात गेलेल्या बहुतेकांची चाळिशी तिथेच उलटते. तेव्हा पुढच्या सुट्टीत गावी आलात की पाकिटातल्या त्या कार्डावरची तारीख आधी बघा, आणि मुदत जवळ आली असेल तर परतीच्या विमानाआधी आरटीओची अपॉइंटमेंट घ्या.