कण्याची निगा : अमेरिकेच्या अनुभवातून

मराठी भाषेने माणसाच्या पाठीला मोठा मान दिला आहे. लहानाचे कौतुक करावयाचे तर त्याची पाठ थोपटावी, दुःखिताला धीर द्यावयाचा तर पाठीवरून हात फिरवावा, धाकट्या भावंडाला पाठचे म्हणावे, आणि संकटात जो सोडून जात नाही तो पाठीशी उभा राहिला असे सांगावे. परंतु हीच पाठ दुखू लागली म्हणजे तिच्या दुखण्याइतकी उपेक्षा दुसऱ्या दुखण्याच्या वाट्याला क्वचितच येते. ताप मोजता येतो, जखम दाखविता येते; पाठीचे दुखणे मात्र दुसऱ्याला दिसत नाही.

ज्यांचे पूर्वज उसाच्या मळ्यांत राबले, त्या कुटुंबांना हे वेगळे सांगावयास नको. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'अ‍ॅटलस' जहाजातून शर्तबंद मजुरांची तुकडी पोर्ट लुईच्या बंदरात उतरली, आणि पुढील काळात मुंबई बंदरातून कोकणातील मराठी माणसेही मॉरिशसला आली. शेतांतील काळे दगड उचलून त्यांचे ढीग रचणे, वाकून ऊस तोडणे, मोळ्या खांद्यावर घेणे, हे सर्व काम कंबरेच्या बळावरच चालत असे. त्यातच 'दुहेरी कपाती'ची दुष्ट प्रथा होती. मजूर एक दिवस कामावर आला नाही, तर दोन दिवसांचे वेतन कापले जाई. अशा वेळी कंबरेत उसण भरली म्हणून घरी पडून राहणे गरिबाला कसे परवडावे? ते दगडांचे ढीग मॉरिशसच्या शेतांत अद्यापि उभे आहेत. ज्या पाठींनी ते रचले त्यांची शुश्रूषा कोणी केली असेल, तर ती घरातील एखाद्या वृद्धेच्या तेल लावणाऱ्या हातांनी, मालिश जाणणाऱ्या शेजाऱ्याने किंवा हाडवैद्याने. पायाळू माणसाचा पाय पाठीला लागला की उसण जाते, ही महाराष्ट्रातील समजूत तर आजही पुष्कळांच्या कानांवर असेल.

हाताने कण्यावर उपचार करण्याची ही कल्पना जगाच्या अनेक भागांत प्राचीन आहे. तिला एका स्वतंत्र व्यवसायाचे रूप मात्र अमेरिकेत मिळाले. त्या व्यवसायाचा इतिहास आणि त्याची झालेली परीक्षा ही दोन्ही बोधप्रद आहेत.

डेव्हनपोर्ट येथील प्रसंग

मिसिसिपी नदीच्या तीरावर, आयोवा राज्यातील डेव्हनपोर्ट या गावी डॅनियल डेव्हिड पामर नावाचे एक गृहस्थ चुंबकीय उपचार करीत असत. त्यांचा जन्म १८४५ साली कॅनडात झाला होता. शाळामास्तर, मधमाश्या पाळणारे आणि किराणा दुकानदार असे नाना उद्योग करून ते या मार्गाला लागले होते. १८९५ साली त्यांची गाठ हार्वे लिलार्ड या कृष्णवर्णीय झाडूवाल्याशी पडली. लिलार्डला अनेक वर्षांपासून ऐकू येत नव्हते. अवघडून, वाकून काम करीत असताना पाठीत काहीतरी सरकल्यासारखे वाटले आणि तेव्हापासून बहिरेपण आले, असे त्याचे सांगणे होते. पामर यांनी त्याच्या पाठीचा मणका हाताने दाबला, आणि लिलार्डला ऐकू येऊ लागले अशी कथा प्रसिद्ध झाली.

ग्रीक भाषेतील 'हात' आणि 'क्रिया' या अर्थांच्या शब्दांवरून या विद्येस 'कायरोप्रॅक्टिक' हे नाव पडले. मराठीत तिला हस्तचिकित्सा म्हणता येईल. १८९७ साली पामर यांनी डेव्हनपोर्ट येथे तिचे विद्यालय काढले. मणके जागचे सरकल्यामुळे मज्जातंतूंवर दाब येतो आणि बहुतेक सर्व रोग त्यातून उद्भवतात, असा त्यांचा सिद्धांत होता. आधुनिक शरीरशास्त्राने तो मान्य केलेला नाही. श्रवणाचा मज्जातंतू मेंदूतून थेट कानाकडे जातो; पाठीच्या मणक्यांतून तो जातच नाही. म्हणजे जी विद्या आज मुख्यतः पाठदुखीसाठी ओळखली जाते, तिचा आरंभ बहिरेपण घालविल्याच्या एका दाव्यातून झाला, हा इतिहासातील चमत्कारिक योगायोगच होय.

न्यायालय आणि रुग्णालय

परवान्यावाचून उपचार केल्याबद्दल पामर यांना १९०६ साली कारावास भोगावा लागला. त्यांच्यानंतर अनेक अनुयायी तुरुंगात गेले. कॅन्सस राज्याने १९१३ साली या व्यवसायासाठी कायदा केला, तर लुइझियानाने सर्वांत शेवटी, १९७४ साली, त्याला मान्यता दिली. मध्यंतरी अमेरिकन वैद्यक संघटनेने १९६३ साली भोंदूगिरीविरुद्ध समिती नेमून या चिकित्सकांशी कोणताही व्यावसायिक संबंध ठेवणे डॉक्टरांना निषिद्ध ठरविले होते. १९७६ साली चेस्टर विल्क आणि इतर काही चिकित्सकांनी तिच्यावर दावा लावला. १९८७ साली न्यायाधीश सुसान गेटझेंडॅनर यांनी हा बहिष्कार बेकायदेशीर ठरविला, आणि १९९० साली वरिष्ठ न्यायालयानेही तो निर्णय कायम केला.

तथापि बहिष्कार अन्याय्य ठरला म्हणजे उपचार गुणकारी ठरला असे नव्हे. तो निवाडा रुग्णांच्या अनुभवाची पद्धतशीर तुलना करूनच व्हावयास हवा होता, आणि तो हळूहळू झाला. १९९८ साली अमेरिकेत ३२१ रुग्णांवर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. काहींना कायरोप्रॅक्टिक, काहींना मॅकेन्झी पद्धतीचा व्यायाम, आणि काहींना केवळ माहितीची एक लहानशी पुस्तिका देण्यात आली. पहिल्या दोन गटांत फारसा फरक आढळला नाही, आणि पुस्तिकेपेक्षा त्यांना लाभ झाला तो थोडाच. २०१८ साली सैन्यातील ७५० स्त्रीपुरुषांवरील अभ्यासात, नेहमीच्या औषधोपचारास कायरोप्रॅक्टिकची जोड मिळालेल्यांना सहा आठवड्यांत अधिक आराम पडला. या सर्वांचे तात्पर्य असे की, कण्यावरील हस्तोपचाराने पाठदुखीला बेताचा उतार पडू शकतो. पण तो रामबाण नव्हे. उपचाराच्या वेळी जो 'कट्' असा आवाज येतो, तोही हाड जागेवर बसल्याचा नसून सांध्यातील द्रवात निर्माण होणाऱ्या वायूच्या पोकळीशी निगडित असतो.

गोळ्यांचा मोह

पाठदुखीपुढे हतबल झालेल्या माणसाला जलद आराम हवा असतो. या निकडीचा फार मोठा मोबदला अमेरिकेने दिला आहे. १९९६ साली अफूच्या जातीचे 'ऑक्सिकॉन्टिन' हे वेदनाशामक तेथील बाजारात आले. त्याच्या व्यसनाचा धोका कमी असल्याचे भासवून ते खपविले गेले, आणि २००७ साली उत्पादक कंपनीने याबद्दल न्यायालयात गुन्हा कबूल केला. परंतु तोवर कंबर दुखते म्हणून गोळी घेणारी असंख्य कष्टकरी माणसे व्यसनाच्या गर्तेत सापडली होती. आणि एवढी किंमत मोजून हाती काय आले? २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, पाठीचे किंवा गुडघा-खुब्याचे जुनाट दुखणे असलेल्या २४० माजी सैनिकांना वर्षभर दोन प्रकारची औषधे देऊन पाहण्यात आली. अफूच्या जातीची औषधे घेणारे साधी औषधे घेणाऱ्यांपेक्षा दैनंदिन कामात जराही सरस ठरले नाहीत. उलट वेदना किंचित अधिक राहिली ती त्यांचीच.

या पार्श्वभूमीवर अमेरिकन फिजिशियन महाविद्यालयाने २०१७ साली आपली मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. जुनाट पाठदुखीवर प्रथम औषधाविना उपचार करावेत, असे तिने डॉक्टरांस सांगितले. व्यायाम, योग, ताई-ची, ध्यान, अ‍ॅक्युपंक्चर, मनाला वळण लावणारे समुपदेशन आणि कण्यावरील हस्तोपचार ही तिच्या यादीतील नावे. ज्या हस्तचिकित्सेशी संबंध ठेवणे एके काळी डॉक्टरांना निषिद्ध होते, तिला अशा रीतीने त्यांच्याच मार्गदर्शिकेत स्थान मिळाले. मात्र सर्वरोगहारक म्हणून नव्हे, तर अनेकांतील एक म्हणून.

योगाचीही परीक्षा

याच यादीत योगाचे नाव पाहून भारतीय वंशाच्या वाचकास अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. बी. के. एस. अय्यंगार यांनी पुण्यात राहून आसनांची जी पद्धत सिद्ध केली, तिच्यात पट्टा, दोर, लाकडी ठोकळे यांच्या साहाय्याने ताठर शरीराच्या माणसालाही आसन साधता येते. १९६६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या 'लाइट ऑन योगा' या ग्रंथाने आणि १९७५ साली पुण्यात उघडलेल्या संस्थेने ती पद्धत जगभर नेली. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात जुनाट पाठदुखीच्या ९० रुग्णांची पाहणी करण्यात आली. २४ आठवडे अय्यंगार पद्धतीने योग करणाऱ्यांची वेदना, परावलंबित्व आणि मनाची खिन्नता ही इतरांपेक्षा कमी झाली. २०१७ साली बोस्टन भागातील ३२० रुग्णांवरील अभ्यास प्रसिद्ध झाला. हे रुग्ण बहुतांशी अल्प उत्पन्नाचे होते. १२ आठवड्यांचा योगवर्ग हा फिजिओथेरपीच्या तोडीचा ठरला.

येथे 'तोडीचा' हा शब्द नीट ध्यानी घ्यावा. योग वरचढ ठरला नाही. आपल्या पूर्वजांची म्हणून एखादी विद्या श्रेष्ठ मानणे आणि परक्यांची म्हणून दुसरी टाकणे, या दोहोंनी रुग्णाचे भले होत नाही. ज्या तराजूत पामर यांची विद्या तोलावी, त्याच तराजूत पतंजलींच्या वारसांनीही आपली विद्या ठेवावी, यातच तिची खरी प्रतिष्ठा आहे.

घरोघरी करावयाचे

जगात २०२० साली सुमारे ६१ कोटी ९० लाख लोक कंबरदुखीने ग्रस्त होते असा अंदाज आहे. बहुतेकांच्या दुखण्यामागे कोणताही एक निश्चित बिघाड सापडत नाही. १९९४ साली पाठ मुळीच न दुखणाऱ्या ९८ माणसांच्या कण्याची चुंबकीय यंत्राने छायाचित्रे घेतली असता, सर्व चकत्या निर्दोष असलेले केवळ ३६ टक्के निघाले. तेव्हा अहवालात 'चकती सरकली आहे' असे वाचून धीर सोडण्याचे कारण नाही.

दुसरा गैरसमज अंथरुणाचा. १९८६ सालच्या एका अभ्यासात काहींना सात दिवस आणि काहींना दोनच दिवस पडून राहावयास सांगितले. दोन दिवसवाल्यांचे कामाचे खाडे पुष्कळ कमी झाले. म्हणून दुखणे असह्य असेल तेवढाच वेळ विसावा घ्यावा, आणि मग हळूहळू हिंडूफिरू लागावे. चालण्यासारखा स्वस्त उपाय दुसरा नाही. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील ७०१ व्यक्तींवरील अभ्यासात, मार्गदर्शनाखाली नियमाने चालणाऱ्यांचे दुखणे उलटण्यास सरासरी २०८ दिवस लागले. इतरांचे ११२ दिवसांतच उलटले.

खुर्चीत बसून काम करणाऱ्याने अर्ध्या-पाऊण तासाने उठून चार पावले टाकावीत. ओझे शरीराशी धरून उचलावे. पुरेशी झोप घ्यावी, धूम्रपान सोडावे, वजन आटोक्यात ठेवावे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली दिलेल्या सल्ल्यात कंबरेचे पट्टे, कण्याला ताण देण्याची यंत्रे आणि अफूच्या जातीची औषधे जुनाट दुखण्यात नेहमी वापरू नयेत असे म्हटले आहे. हस्तचिकित्सकाकडे जावयाचे झाल्यास तो शिक्षित व परवानाधारक असल्याची खात्री करावी; काही आठवड्यांत गुण न आल्यास थांबावे; आणि सर्व रोग बरे करण्याचे वा जन्मभर येत राहण्याचे आश्वासन मागणाऱ्यापासून दूर राहावे. मानेला जोराचा झटका देण्याच्या उपचारानंतर क्वचित रक्तवाहिनीस इजा होऊन पक्षाघात झाल्याची उदाहरणे आहेत, हेही ठाऊक असावे.

काही लक्षणे मात्र घरगुती उपायांची नव्हेत. लघवी वा शौचावरील ताबा जाणे, मांड्यांच्या मधल्या भागास बधिरता येणे, पायांतील शक्ती कमी होणे, दुखण्यासोबत ताप येणे, विनाकारण वजन घटणे, पूर्वी कर्करोग झालेला असणे किंवा मोठी पडझड झालेली असणे, यांपैकी काहीही असल्यास विलंब न लावता रुग्णालय गाठावे.

मळ्यावरील मजुराला विसावा घेण्याची मुभा नव्हती. त्याच्या नातवंडा-पणतवंडांना ती आहे. परंतु विसाव्याचे स्वातंत्र्य मिळाले म्हणून पाठ बरी होत नाही. तिला हालचाल हवी असते. आजोबांची हालचाल दुसऱ्याच्या हुकमाने, भीतीने आणि थकव्याची पर्वा न करता होत असे. नातवाची हालचाल स्वतःच्या इच्छेने, झेपेल तेवढी आणि आनंदाने होऊ शकते. सायंकाळी घरातील थोरामोठ्यांनी मुलांना बरोबर घेऊन अर्धा तास उसाच्या शेतांकडेने फेरी मारावी. दगडांचे ते ढीग वाटेत दिसतीलच. ते कोणी रचले हे मुलांना सांगत सांगत चालावे. त्यात पूर्वजांचे स्मरणही होईल आणि कण्याची निगाही राहील.